रात्रीच्या किर्र आवाजातून नाकतोडा कसा ओळखावा : नाशिक परिसरासाठी मार्गदर्शन

नाशिककडच्या कोणत्याही गावात रात्री ओट्यावर बसलेल्या माणसाला हा आवाज कसला असे विचारले, तर "रातकिडे आहेत" हेच उत्तर मिळते आणि ते बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. त्या आवाजात रातकिडे असतातच; पण त्यांच्या जोडीने, कधी त्यांच्याहूनही मोठ्याने, झाडाच्या पानांत आणि उंच गवतात बसलेले लांब मिशांचे हिरवे नाकतोडे गात असतात. इंग्रजीत त्यांना कॅटिडिड म्हणतात. अमेरिकेतल्या एका जातीच्या आवाजात तिथल्या लोकांना "के-टी-डिड" अशी अक्षरे ऐकू आली आणि तेच नाव पुढे सगळ्या कुळाला चिकटले. या कुळात जगभरात आठ हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या बोलीत मात्र दिवसा गवतात उडणारा आणि रात्री पानात बसून गाणारा, दोघेही नाकतोडेच किंवा टोळच. या लेखात रात्री गाणाऱ्यासाठी मी कॅटिडिड हाच शब्द वापरला आहे.

हा प्राणी डोळ्यांनी शोधायचा नसून कानांनी शोधायचा आहे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. पानाचा रंग, पानाच्या शिरा, कधी पानावरचे वाळके डागसुद्धा त्याच्या पंखांवर असतात, त्यामुळे हातभर अंतरावर असूनही तो दिसत नाही. आवाज ओळखता येऊ लागला की तो सापडतो.

कधी ऐकावे

परदेशी लेखांत कॅटिडिड हे उन्हाळी रात्रीचे गाणे म्हणून येते. तिकडचा उन्हाळा जून ते सप्टेंबरचा आणि हिरवागार असतो. आपला मार्च ते मे हा काळ कोरडा असतो, त्यामुळे तो हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. यामागचे कारण समजून घेतले तर तारखा पाठ कराव्या लागत नाहीत. कॅटिडिड पंखांनी आवाज काढतो आणि पूर्ण वाढलेले पंख त्याला शेवटची कात टाकल्यावरच मिळतात. पहिल्या पावसानंतर अंड्यातून निघालेली बिनपंखी पिल्ले कोवळा पाला खात, काती टाकत मोठी होतात आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून जुलैत सगळीकडे हिरवे असूनही ही गाणी विरळ असतात आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या रात्री त्यांनी भरून जातात. ज्याला हे काम नव्याने शिकायचे आहे त्याने ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरावा.

तरीही उन्हाळ्यातल्या रात्री वाया घालवू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत आवाज कमी असतात, आणि थोड्या आवाजांत कान तयार करणे सोपे जाते. पाणी मिळणाऱ्या बागा, रोपवाटिका, कालव्याकाठची झाडे आणि बंगल्यांच्या आवारातील दाट झाडी या ठिकाणी रातकिडे ऐकू येतात आणि एखादा कॅटिडिडही सापडतो. भिजलेल्या वाफ्यांजवळ संध्याकाळी जमिनीतून येणारा सलग घुमणारा आवाज आला, तर तो बिळात राहणाऱ्या रातकिड्याचा असतो; हा किडा बिळाचे तोंड कर्ण्यासारखे कोरतो, त्यामुळे त्याचा आवाज फार दूर जातो. इगतपुरीकडच्या झाडीत याच दिवसांत भर दुपारी कर्कश आवाज करणारा सिकाडा हा मात्र वेगळ्याच गटातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले पडदे असतात आणि ते स्नायूंनी आत-बाहेर लवचून तो आवाज काढतो. त्याचा पंखांच्या घर्षणाशी संबंध नाही.

वेळ म्हणाल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करावी आणि नऊ-साडेनऊपर्यंत ऐकावे. वारा पडलेला असावा. पाऊस थांबून तासभर झालेली दमट, उबदार रात्र सर्वांत चांगली. थंडी वाढली की कीटकांचे स्नायू मंदावतात, म्हणून निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की हा हंगाम आटोपला असे समजावे.

कुठे ऐकावे

पहिले आठ दिवस घराच्या आसपासच ऐकावे. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडसारख्या भागातही करंज, बदाम, आंबा यांच्या फांद्यांत कॅटिडिड असू शकतात. अडचण एवढीच की वाहनांच्या आवाजाखाली ते दबून जातात. त्यानंतर सोमेश्वर, मखमलाबाद, तपोवन अशा ठिकाणच्या झाडीच्या कडेला, माणसांची ये-जा असलेल्या रस्त्यावरून ऐकावे. खरा खजिना शेताच्या बांधावर असतो. बाभूळ, बोर, घाणेरी, रुई आणि कमरेएवढे गवत यांची सरमिसळ असलेला जुना बांध दहा मिनिटांत जे ऐकवतो, ते नीटनेटक्या बागेत तासभरात मिळत नाही.

द्राक्षबागेबाबत एक सूचना मनापासून करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषधांच्या फवारण्या वारंवार होतात. अशा बागेत रात्री शिरू नये, पानांना हात लावू नये; बाहेरच्या बांधावरूनच ऐकावे, आणि तेही मालकाला आधी सांगून.

अंजनेरी, ब्रह्मगिरी, त्रिरश्मी डोंगर आणि रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेले नांदूर मधमेश्वर ही ठिकाणे मोहात पाडणारी आहेत. पण वन विभागाच्या परवानगीशिवाय अंधार पडल्यावर तिथे थांबू नये. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे निफाड-दिंडोरीच्या लोकांना सांगण्याची गरज नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र आहे. ऊस उभा असलेल्या शेताला लागून रात्री बसू नये, एकट्याने जाऊ नये आणि लहान मुलांना मागे ठेवून चालू नये. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत. घोणस, फुरसे, मण्यार हे साप याच वेळी, याच गवतात फिरतात. म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत, पाय टाकण्यापूर्वी तिथे उजेड टाकावा आणि गवतात हात घालून काहीही शोधू नये.

सोबत काय घ्यावे

एक विजेरी, तिच्या काचेवर लावायला लाल जिलेटीन कागद, फोन, वही-पेन्सिल, साधा तापमापक आणि रुंद तोंडाची पारदर्शक बरणी एवढे पुरते. कीटकांना लाल उजेड फारसा दिसत नाही, त्यामुळे गाणारा नर लाल प्रकाशात लवकर गप्प होत नाही. एक जुने वर्तमानपत्रही घ्यावे. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आवाज सुटा करणे

जागेवर पोहोचल्यावर दिवे बंद करून दहा मिनिटे गप्प उभे राहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळे एकसारखेच ऐकू येते अशी तक्रार करतात. आपण चालत आलो तेव्हा जवळचे सगळे गाणारे थांबलेले असतात. ते पुन्हा सुरू होईपर्यंत आपण ऐकतो तो केवळ दूरचा मिसळलेला गलका असतो.

दहा मिनिटांनंतर एकच प्रश्न घ्यावा : हा आवाज गुणगुणता येतो का? ज्याचा सूर शिट्टीसारखा स्वच्छ आहे, ज्याची नक्कल तोंडाने करता येईल असे वाटते, तो बहुधा रातकिडा. त्याचा आवाज साधारणपणे दोन ते आठ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन ते आठ हजार कंपनांच्या, दरम्यान, एका अरुंद पट्टीत असतो. ज्यात सूर सापडत नाही, जो कंगव्यावरून नख ओढल्यासारखा, वाळूचा कागद घासल्यासारखा किंवा चालू शिलाई यंत्रासारखा वाटतो, तो बहुधा कॅटिडिड. त्याचा आवाज अनेक पट्ट्यांत पसरलेला असतो आणि पुष्कळ जातींत त्याचा मोठा भाग माणसाच्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या, पलीकडे जातो. दक्षिण अमेरिकेतल्या काही जाती तर १५० किलोहर्ट्झच्या आसपास गातात.

हा फरक येतो कुठून, हे कळले की कान अधिक सावध होतो. दोघेही पुढचे पंख एकमेकांवर घासतात. कॅटिडिडमध्ये डावा पंख वर असतो. त्याच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर असते आणि उजव्या पंखाची कड तिच्यावरून ओढली जाते. उजव्या पंखावर आरशासारखा चकचकणारा पातळ पडदा असतो, जो हा आवाज मोठा करतो. रातकिड्यात बहुधा उजवा पंख वर असतो, आणि त्याचे दोन्ही पंख एका सुरात थरथरतात म्हणून शिट्टीसारखा आवाज निघतो. दिवसाचा आखूड मिशांचा नाकतोडा या दोघांपासून अगदी वेगळा : त्याच्या अनेक जाती मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतात आणि त्याचा कान पोटाच्या पहिल्या खंडावर असतो. कॅटिडिड आणि रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरील एका कॅटिडिडच्या या एवढ्याशा कानात, आपल्या कानाप्रमाणेच ध्वनी पकडणे, त्याची तीव्रता बदलणे आणि सूर वेगळे करणे या तिन्ही गोष्टी होतात, असे २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवले.

आता वहीत ऐकलेला आवाज लिहावा, आणि तो आपल्या शब्दांत लिहावा. मराठीत आवाजांच्या शब्दांना तोटा नाही. झुर्रर्र, चिर्र-चिर्र, टिक, खर्र, झिक्-झिक्-झिक् असे जे ऐकू येईल ते लिहावे आणि पुढे तो सलग आहे की तुटक, किती सेकंद चालतो, जमिनीलगत आहे की डोक्याच्या वर, एवढे नोंदवावे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुकवले जाणारे दोन आवाज आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला आवाज गवतातून येणारा, अखंड, विजेच्या गुंजारवासारखा. टोकदार डोक्याचे सडपातळ गवती कॅटिडिड असा मिनिटे-मिनिटे न थांबता आवाज काढतात. निफाडकडच्या एका बांधावर अनेक वर्षे मी हा आवाज शेजारच्या डीपीचा समजत होतो. एका रात्री लाइट गेली, डीपी बंद पडली, पण आवाज तसाच चालू राहिला. तेव्हा पहिल्यांदा गवतात उजेड टाकून पाहिले. रात्रपाळीच्या लाइटवर पिकाला पाणी भरायला जाणारे शेतकरी या आवाजाच्या मधोमध उभे असतात. त्यांना विचारले तर कोणत्या गवतात तो जास्त आहे आणि कोणत्या दिवसांत सुरू होतो, हे ते अचूक सांगतात. त्यांची ही माहिती वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी.

दुसरा आवाज झाडाच्या पानांतून येणारा, अगदी लहानसा : एक "टिक" किंवा छोटासा "च्रिक्", मग बराच वेळ शांतता. रुंद, पानासारख्या पंखांच्या अनेक कॅटिडिडांचा नर असा बोलतो. बहुतेक कीटकांत मादी मुकी असते. या गटातल्या अनेक जातींची मादी मात्र नराच्या हाकेनंतर सेकंदाच्याही लहान अंशात हलकी टिचकी वाजवून उत्तर देते आणि नर त्या उत्तराच्या रोखाने सरकतो. एका फांदीतून टिक आणि दुसरीतून लगेच त्याहून बारीक टिक असे दोन-तीनदा ऐकू आले, तर तिथून हलू नये.

मोठ्या वयात उंच पट्टीचे आवाज प्रथम ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आजोबांना बांध शांत वाटतो आणि सोबतच्या दहा वर्षांच्या नातीला तोच गजबजलेला वाटतो. शक्यतो एखाद्या लहान मुलाला बरोबर घ्यावे आणि ते दाखवील त्या झुडपावर विश्वास ठेवावा.

जागा शोधणे

रातकिड्याचा एकसुरी आवाज नेमका कुठून येतो हे माणसाच्या कानाला लवकर कळत नाही; कॅटिडिडचा पसरट आवाज त्या मानाने सोपा असतो. दोघांनी मिळून शोधावे. एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर उभे राहून प्रत्येकाने डोळे मिटून आवाजाकडे हात करावा. दोन्ही हातांच्या रेषा जिथे मिळतील ते झुडूप धरावे. आवाज चालू असतानाच पाऊल टाकावे, थांबला की थांबावे. दोन-तीन हातांवर आल्यावर वर्तमानपत्राची नळी करून कानाला लावावी आणि झुडपावरून सावकाश फिरवावी. नळीचे तोंड गाणाऱ्याच्या रोखाने आले की आवाज एकदम उठून येतो. त्यानंतरच लाल उजेड टाकावा. पानावर पान शोधण्याऐवजी केसासारख्या हलणाऱ्या दोन लांब मिशा शोधाव्यात. त्या शरीराहून लांब असतात आणि बहुधा त्याच त्याला उघडे पाडतात.

पाहणे आणि ओळख पटवणे

लांब मिशा दिसल्या म्हणजे तो कॅटिडिड किंवा रातकिडा, एवढे ठरते. मग पंख पाहावेत. कॅटिडिडचे पंख घराच्या उतरत्या छपरासारखे दोन्ही बाजूंना असतात. रातकिड्याचे पाठीवर सपाट असतात आणि कडेला एकदम खाली वळतात. मादीच्या शेपटाकडे अंडी घालण्याचा अवयव असतो : कॅटिडिडमध्ये तो चपटा, तलवारीसारखा किंवा विळ्यासारखा, तर रातकिड्यात सुईसारखा. भिंग असेल तर पावलाचे खंड मोजावेत. कॅटिडिडला चार, रातकिड्याला तीन. ज्याला डंख समजून लोक घाबरतात ती तलवार केवळ अंडी घालण्यासाठी असते. मोठे कॅटिडिड जबड्याने चावू शकतात, पण त्यांना विष नसते.

फांदीवरच छायाचित्र मिळत असेल तर धरूच नये. धरणे आवश्यकच वाटले तर बरणीचे तोंड त्याच्यापुढे धरून मागून पुठ्ठ्याने हलकेच ढकलावे. मागच्या पायाला कधीही पकडू नये. सुटण्यासाठी तो पाय टाकून देतो आणि पूर्ण वाढलेल्या कीटकाला तो पाय पुन्हा येत नाही. पाच मिनिटांत त्याच फांदीवर सोडावे.

केवळ रूपावरून नाव ठरवण्याची घाई करू नये. दक्षिण भारतातील मेकोपोडा या कॅटिडिडवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत झालेले काम २००६ साली प्रसिद्ध झाले. दिसायला वेगळे करता न येणाऱ्या या कीटकांत गाण्याचे पाच निरनिराळे प्रकार सापडले आणि त्यांतल्या दोहोंना आवाजावरून हेलिकॉप्टर आणि ट्रेन अशी नावे मिळाली. त्यामुळे छायाचित्र आहे पण आवाज नाही, अशी नोंद अपुरीच राहते.

त्याच प्रयोगशाळेने झाडावरच्या एका नाजूक, फिकट रातकिड्याबद्दल दाखवलेली गोष्ट तर आपल्याकडच्या रस्त्याकडेलाही शोधून पाहण्यासारखी आहे. उग्र वासाच्या रानतुळशीच्या झुडपांवर राहणारा हा नर पानाला भोक पाडतो आणि त्या भोकात पंख उभे करून गातो. पान पडद्यासारखे काम करते आणि त्याचा आवाज वाढतो. आकाराने लहान आणि आवाजाने हलके असलेले नर ही युक्ती जास्त वापरतात. पडीक जागेवर अशी झुडपे असतील तर भोक पडलेल्या पानांच्या मागे जरूर उजेड टाकावा.

ध्वनिमुद्रण

साधा फोन पुरतो, पण चार गोष्टी पाळाव्यात. फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये वेव्ह हा प्रकार आणि ४८ किलोहर्ट्झचा नमुनादर (यंत्र सेकंदाला किती वेळा आवाजाचा नमुना टिपते तो आकडा) निवडावा, कारण एमपीथ्रीमध्ये फाइल लहान करताना उंच पट्ट्या कापल्या जातात. आवाज स्वच्छ करणारी सोय बंद करावी. तिच्या लेखी कीटकाचा आवाज हाच कचरा असतो आणि ती नेमका तोच पुसते. फोन हातात न धरता दगडावर किंवा काठीला बांधून गाणाऱ्यापासून हात-दीड हात अंतरावर ठेवावा आणि निदान दोन मिनिटे मुद्रण करावे. शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण, तापमान आणि झाडाचे नाव सांगावे. हे बोललेले शेपूट फाइलला कायमचे चिकटून राहते. वही हरवू शकते.

घरी आल्यावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारे दृश्य, निवडावे. रातकिडा चार-पाच किलोहर्ट्झजवळ आडव्या रेघोट्यांसारखा दिसतो, कॅटिडिड उभ्या, वरपर्यंत पसरलेल्या फराट्यांसारखा. हे फराटे २४ किलोहर्ट्झला अचानक तुटलेले दिसतील. ती कीटकाची मर्यादा नसून फोनची आहे, कारण कोणतेही यंत्र आपल्या नमुनादराच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिपू शकते. त्यापुढचे ऐकण्याची इच्छा झाली तर ३८४ किलोहर्ट्झपर्यंत नमुनादर असलेले ऑडिओमॉथसारखे छोटे यंत्र मिळते. पहिल्या वर्षी मात्र त्याची गरज नाही.

तापमानाचा पडताळा

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ साली रातकिड्याच्या आवाजावरून तापमान काढण्याचे सूत्र मांडले : मिनिटातील आवाजांच्या संख्येतून ४० वजा करावेत, उरलेल्याला ४ ने भागावे आणि त्यात ५० मिळवावेत, म्हणजे फॅरनहाइटमध्ये तापमान मिळते. हे सूत्र तिकडच्या रातकिड्याचे आहे. आपल्या बांधावर ते लावून आकडा चुकला म्हणून निराश होऊ नये. आपले सूत्र आपणच तयार करावे. तुटक आवाज करणारा एकच प्रकार निवडावा, वेगवेगळ्या तापमानाच्या दहा-बारा रात्री त्याचे मिनिटातले आवाज मोजावेत आणि आलेख कागदावर काढावा. मोजणी झाडाजवळच्या तापमानावर करावी. घरातला किंवा हवामान ॲपमधला आकडा घेऊ नये. सलग गुंजारव करणाऱ्यांवर हा प्रयोग जमत नाही.

नोंद पाठवणे

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्राबरोबर ध्वनीही चढवता येतो. एका नोंदीत एकच प्राणी ठेवावा. नाव माहीत नसेल तर अंदाजाने जातीचे नाव टाकू नये. कॅटिडिडचे कूळ एवढेच लिहावे आणि खाली आपण वहीत लिहिलेला झुर्रर्र किंवा टिक, झाडाचे नाव आणि तापमान द्यावे. शेत खासगी असेल तर नकाशावरचे नेमके ठिकाण झाकून ठेवण्याची सोय वापरावी. मग पुढच्या आठवड्यात त्याच बांधावर, त्याच वेळी, तेवढीच दहा मिनिटे दिवा बंद करून उभे राहावे आणि वहीतल्या कोणत्या आवाजापुढे या वेळी काट मारावी लागते, हे पाहावे.